फिल्म 'पुश' करण्याआधी बत्ती सरकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला, फिल्मवर फोटो काढणाऱ्या तरुण मुलांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कुडाळात सव्वीस वर्षं स्टुडिओ चालवून २००५ साली मी शटर ओढलं ते दुकानाचं. कॅमेऱ्याचं अजून चालू आहे. हे खूळ आपल्याबरोबरच संपणार असं धरून बसलेल्या माझ्यासारख्याला पंचविशीतली पोरं रोल भरताना दिसली की बरं वाटतं. पण लेखासोबत रात्रीच्या पोर्ट्रेटबद्दल जी चौकट छापली आहे, तिच्या भरवशावर चार पोरं तरी आपले रोल फुकट घालवतील, म्हणून हे पत्र. चौकटीचा आशय असा, की रात्री माणसाचा फोटो काढायचा तर ३२०० ची फिल्म घाला (आकडा फिल्मच्या गतीचा, जितका मोठा तितक्या कमी उजेडात भागतं), परवडत नसेल तर ४०० ची १६०० ला पुश करा, म्हणजे ती १६०० ची समजून कमी उजेड द्या आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवा, की अंधाराचा प्रश्न मिटला.

मीही असंच मानत होतो. १९८४ च्या जत्रांच्या हंगामात एका दशावतारी नटाने माझी ही समजूत खोडून काढली.

आमच्याकडे कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. पालखी झाली की रात्री अकरा-बाराला देवळापुढे दशावतार उभा राहतो, तो उजाडेपर्यंत. लिहिलेली संहिता नाही, रंगवलेले पडदे नाहीत, एक बाकडं असतं, तेच सिंहासन आणि वेळ पडली तर तेच डोंगर. पायपेटी, मृदंग, झांज. बायकांची कामं पुरुषच करतात. घाटावरच्या वाचकांना एवढं पुरे. मला नाटकापेक्षा रंगपटाचं वेड जास्त. देवळाच्या पडवीत प्रत्येक नट आपल्या ट्रंकेशी बसतो, झाकणाला आरसा टेकवतो आणि आपलं तोंड आपणच रंगवतो. मघाशी ज्याला लुंगीवर बिडी ओढताना पाहिलं, त्याची बघता बघता राणी होते. हे मला फोटोत पकडायचं होतं.

गिरगावातल्या एका स्टुडिओत पाच वर्षं उमेदवारी करून मी आलो होतो. तिथे पाचशे वॅटचे दिवे, पांढरे पडदे, आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालवून गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे देवीचे व्रण पुसणं. रात्र कशी असते ते त्या स्टुडिओला माहीतच नव्हतं. कुडाळात माझ्याकडे होता सेकंडहँड यशिका मॅट १२४ जी, एक लाकडी ट्रायपॉड आणि ऑर्वोची एनपी २७. पूर्व जर्मनीची ऑर्वो तेव्हा आपल्याकडे सहज मिळायची. तो २७ चा आकडा जर्मन मापाचा, म्हणजे आपली ४००. (उटकमंडच्या सरकारी कारखान्याची इंदूही वापरली. तिच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, आज रागावायला वेळ नाही.)

तर त्या रात्री पडवीत एकच गॅसबत्ती, आढ्याला टांगलेली, नटापासून आठेक फुटांवर. मी हिशेब केला: १/३० सेकंदावर घेऊ म्हणजे माणूस हलला तरी चालेल, आणि जे कमी पडेल ते घरी डेव्हलपरमध्ये वसूल करू. तसंच केलं, डेव्हलपिंगचा वेळ जवळपास दुप्पट. निगेटिव्ह टँकेतून काढली तेव्हा कपाळ आणि नाक कोळशासारखं दाट, बाकी सगळी साफ काच. प्रिंट केली तर उलट: चेहऱ्यावरचा सफेदा चुन्याच्या भिंतीसारखा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नऊवारी लुगडं तर नाहीच. लाज वाटली, पण कबूल केलं होतं म्हणून पुढच्या जत्रेत प्रिंट घेऊन गेलो. फोटोतले ते बुजुर्ग स्त्रीपार्टी नट, त्यांनी ती बत्तीखाली धरली आणि म्हणाले, "माका चुन्यात कोणी बुडयल्यान रे?"

सगळा रंगपट हसला. ते मात्र हसले नाहीत. उठले, आढ्याची बत्ती काढली आणि आपल्या ट्रंकेच्या डाव्या अंगाला, उलट्या घातलेल्या घमेल्यावर ठेवली. "मी रंग करतंय तेव्हा बत्ती खय ठेवतंय, ता बघ."

बत्ती तीन फुटांवर, डोळ्यांच्या जरा वर, एका बाजूला. उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडला होता. गिरगावात आमचे मालक याला रेम्ब्रांटचा उजेड म्हणायचे आणि तो आणायला तीन दिवे आणि अर्धा तास लावायचे. या माणसाने रेम्ब्रांटचं नावही ऐकलं नसेल. त्याला फक्त आपल्या तोंडावरचा रंग नीट दिसायला हवा होता.

आता हिशेबाकडे येतो, कारण चौकटीत नेमका तोच नाही. दिवा जिथे आहे तिथून दुप्पट लांब नेला तर चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. माझ्या वहीत अजून लिहिलेलं आहे: बत्ती तीन फुटांवर, ४०० ची फिल्म, एफ ३.५ (म्हणजे भिंगाचं तोंड पूर्ण उघडं), १/१५ सेकंद. सहा फुटांवर १/४. म्हणजे आठ फुटांवरची बत्ती तीन फुटांवर आणली की सात पट उजेड मिळतो. फिल्म ४०० वरून १६०० ला पुश करून कागदावर चौपटच गती मिळते, आणि तीही खरी नसते.

खरी का नसते? फिल्मवर जिथे उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपरला काळं करायला काही नसतं. तुम्ही ती फिल्म चौदा मिनिटं ठेवा नाहीतर चाळीस, सावलीतलं लुगडं परत येत नाही. जास्तीचा वेळ खातो तो आधीच उजळ असलेला भाग. तो आणखी दाट होतो. म्हणून पुश केलेल्या फोटोत काळं आणखी काळं आणि पांढरं आणखी पांढरं दिसतं. रस्त्यावरच्या, धुक्यातल्या, सपाट उजेडातल्या फोटोला हे कधी कधी शोभतं, नाकारत नाही. पण एका बत्तीखाली सफेदा लावलेला चेहरा म्हणजे मुळातच टोकाचं काळं-पांढरं. त्यात पुश म्हणजे भाजलेल्यावर चटका. आणि ३२०० ची म्हणून विकतात त्या इल्फर्ड डेल्टाची खरी गती कंपनीच्याच कागदावर १००० लिहिलेली आहे, तेव्हा ३२०० लाही ती पुशच असते.

माझी रीत नेमकी उलट आहे. ४०० ची फिल्म २०० समजून वापरतो, म्हणजे सावलीला दुप्पट उजेड देतो, आणि मग डेव्हलप कमी करतो. नव्वदनंतर ऑर्वो दिसेनाशी झाली तेव्हापासून मी इल्फर्डच्या एचपी ५ प्लसवर आहे. तिला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना कंपनी ४०० साठी साडेसात मिनिटं सांगते, १६०० साठी चौदा. मी एका बत्तीच्या फोटोंना सहाच्या आसपास थांबतो. चेहऱ्यावरचा रंग टिकतो, ओठांच्या कडेचा घामही दिसतो, आणि मागे आरशात दुसरा नट मिशी चिकटवतोय हेही कळतं. पोर्ट्रेटमधला काळोख असा हवा की त्यात कोणीतरी वावरतंय असं वाटावं.

हा डेव्हलपर मी वर्षानुवर्षं घरीच बनवला. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, एकूण पाणी एक लिटर. कोडॅकचं १९२७ सालचं डी-७६, आणि आयडी-११ म्हणजे त्याचंच भावंड. मेटॉल आधी विरघळवायचं, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात ते नीट विरघळत नाही. फक्त चिमूटभर सल्फाइट त्याच्याही आधी टाकायचं, म्हणजे मेटॉल हवेने काळवंडत नाही. आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी तीस अंशांना असतं, तेव्हा मासळीवाल्याकडून आणलेल्या बर्फाच्या परातीत टँक ठेवावी लागते. घरात आठवडाभर बांगड्याचा वास आणि बायकोचे टोमणे. ते पुस्तकात नसतं.

गॅसबत्तीचे स्वभाव सांगतो, कारण ते कळल्याशिवाय वरचे आकडे निरुपयोगी. बत्तीतला दाब हळूहळू उतरतो तसा उजेड उतरतो, आणि डोळ्याला ते कळत नाही. एका रोलचे बारा फोटो. पहिला आणि बारावा यांच्यात मला एकदा पूर्ण एका स्टॉपचा, म्हणजे दुपटीचा, फरक मिळाला. तेव्हापासून नियम: आधी पंप मारायचा, मग शटर कॉक करायचं. दुसरं, अंधाऱ्या पडवीत यशिकाच्या काचेवर फोकस दिसत नाही. एफ ३.५ ला इतक्या जवळून तीन-चार बोटांएवढीच जागा धारदार येते, आणि ती डोळ्यांवर यायला हवी. मी पेटती उदबत्ती नटाच्या हातात देतो आणि डोळ्याजवळ धरायला सांगतो. तो लाल ठिपका बारीक झाला की फोकस झाला. मग उदबत्ती बाजूला, श्वास रोखा, केबल दाबा.

तिसरं कुंकू. काळ्या-पांढऱ्या फिल्मला बत्तीच्या तांबूस उजेडात लाल रंग फिका दिसतो. राणीचं ठसठशीत कुंकू प्रिंटवर राखाडी ठिपका होतं. त्याच बुजुर्ग नटाला हे सांगितलं तर त्यांनी काही न बोलता कुंकवात काजळ कालवलं. पुढे माझ्यासाठी म्हणून ते फोटोपुरतं काळपट कुंकू लावायचे आणि रंगमंचावर जाताना पुसून लाल लावायचे. असं किती जण कोणासाठी करतात?

संकासुराचा किस्सा सांगायला हवा. काळा पोशाख, तोंडावर काळं कापड, त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेले डोळे आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. मुलं अजून घाबरतात. त्याच्यावर समोरून बत्ती धरली तर काळ्यावर उजेड मारून उपयोग नाही, नुसतं धुरकट कापड येतं. बत्ती खाली ठेवली तर सिनेमातल्या भुतासारखं, तेही नको. तीन हंगाम गेले. शेवटी बत्ती त्याच्या मागे, खांबाच्या आड ठेवली, भिंग तिला थेट पाहणार नाही अशी. खांद्याची आणि डोक्याची कड तेवढी उजळली, आणि समोरून एका पोराच्या हातात पांढरं धोतर पसरून धरलं, त्यावरून परतलेल्या उजेडात डोळ्यांच्या रेघा दिसल्या. तो फोटो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या पाचांत धरतो. धोतर पुजाऱ्यांचं होतं.

लांब एक्सपोजरबद्दल लेखात काहीच नाही, म्हणून तेही. त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळ पेटते. तिच्या उजेडात, कट्ट्यावर बसलेल्या एका नटाचा फोटो मला हवा होता, नुसत्या पणत्यांच्या उजेडात. मीटरने सांगितलं १० सेकंद. पण फिल्म इतक्या मंद उजेडाला थकते. सेकंदाच्या पुढे तिला मीटर सांगतं त्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. एचपी ५ ला इल्फर्डच्या सूत्राने १० चे २० सेकंद होतात, आणि ३० चे थेट ८६. डिजिटलवरून आलेल्या पोरांचे रात्रीचे रोल काळे येतात ते बहुतेक यामुळे. वीस सेकंद जिवंत माणूस स्थिर कसा राहणार? खांबाला डोकं टेकवा म्हटलं. नट म्हणाला, "विष्णू होऊन उभो ऱ्हवतंय तेव्हा काय हलतंय?" आणि खरंच वीस सेकंद पापणी लवली असेल तेवढीच. प्रिंटवर डोळे जरा मऊ आलेत. मला तसेच आवडतात. १९३० च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाय म्हणे सिगारेट जळायला लागणाऱ्या वेळावर एक्सपोजर मोजायचा. मी गणपतीची आरती मनात म्हणतो. व्यसनही नाही, खर्चही नाही.

लेखातल्या रंगीत फोटोंबद्दल एकच. सिनेस्टिल ८०० टी वरच्या रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती जी लाल वलयं दिसतात, त्यांना 'फिल्मची जादू' म्हटलंय. ती फिल्म मुळात कोडॅकच्या सिनेमाच्या ५०० टी फिल्मवरून बनते. तिच्या पाठीवरचा काळा थर काढून टाकलेला असतो, म्हणून साध्या रंगीत रसायनात ती धुता येते. पण तो थर आरपार गेलेला उजेड गिळायला असतो. तो नसला की उजेड मागून परत फिरतो आणि लाल वलय उमटतं. वलय हवं असेल तर जरूर वापरा, पण मग दिवा चौकटीत चेहऱ्याला चिकटून ठेवू नका, गालावर लाली चढते. आणि ती फिल्म पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी जुळवलेली आहे, पांढऱ्या एलईडीखाली सगळं निळसर येणार. तेवढं सांगितलं असतं तर लेख पूर्ण झाला असता.

एलईडीचा विषय आलाच आहे तर माझी तक्रारही ऐका. अलीकडे जत्रांत रंगपटाच्या चारी कोपऱ्यांत फ्लडलाइट लावतात. आयोजकांचा हेतू चांगला, नटांनाही सोय. पण चेहऱ्यावर चारी बाजूंनी सारखा उजेड म्हणजे पासपोर्टचा फोटो. गेल्या हंगामात मी एका दशावतारी कंपनीच्या मालकांना विनंती केली, दहा मिनिटं दोन दिवे बंद ठेवाल का. त्यांनी तीन बंद केले आणि स्वतः येऊन बघत उभे राहिले. विचारलं की लोक ऐकतात. न विचारता मोबाइलचा फ्लॅश नटाच्या डोळ्यांत मारणारी मंडळी मात्र वाढली आहेत, त्यात गळ्यात जुने फिल्म कॅमेरे अडकवलेले पुण्या-मुंबईचे पाहुणेही होते. युद्धाचा प्रवेश चालू असताना राजपार्टी बाकड्यावर चढतो, हातात तलवार असते. तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली तर पडेल तो तो, तुम्ही नाही. आणि फोटो काढला तर एक प्रिंट त्याला द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो मी कोणाच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला अजून पाहिला नाही.

गॅसबत्ती सगळ्यांकडे नसते, हे कळतं. नसली तर टपरीवरचा एक पिवळा बल्ब, टॉवेलमधून आलेला स्कूटरचा हेडलाइट, काहीही चालतं. फ्लॅशच वापरायचा तर कॅमेऱ्यावरून काढून मित्राच्या हातात द्या आणि बाजूला उभं करा. दिवा एक, जवळ, आणि समोर नाही. मग फिल्म कुठलीही घाला.

शेवटी माझं एक काम. बत्तीचं मँटल एकदा जळलं की नुसती राख उरते. पुढची जत्रा मोटरसायकलवर गाठेपर्यंत धक्क्याने गळून पडतं, म्हणून दर वेळी नवं बांधावं लागतं. कुडाळात आणि सावंतवाडीत मिळायची बंद झाली आहेत. माझ्याकडे तीन उरलीत आणि कार्तिक जवळ आला आहे. कोणा वाचकाच्या माळ्यावर जुनी पडून असतील तर कृपया तुमच्या कार्यालयाकडे पाठवावीत, माझा पत्ता तिथे आहे. टपालखर्च आणि एक प्रिंट माझ्याकडून.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग